एंट्री, मिडरेंज की हाय-एंड? कोल्हापुरात सर्व्हर घेणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

सर्व्हर कुठला घेऊ असं कुणी विचारलं की आधी व्हॉट्सॅपवर दोन कोटेशनं येतात, एक दीड-दोन लाखांचं आणि एक सहा-सात लाखांचं, आणि खाली प्रश्न असतो, भावा महागातला घेतला तर टॅली पळेल न्हवं? तर तेच आधी सांगून टाकतो, नाही पळणार, उलट बऱ्याच ठिकाणी थोडी हळूच चालेल, आणि तरीपण काही जणांनी महागातलाच घ्यावा. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं आहे ते नीट सांगायचंय म्हणून एवढं मोठं लिहितोय. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कागल पंचतारांकित या पट्ट्यातल्या फाउंड्र्या, मशीन शॉप, काही हॉस्पिटलं आणि पतसंस्था असं माझं काम चालतं, त्यामुळे जे लिहितोय ते याच गिऱ्हाइकाला डोळ्यासमोर ठेवून.

आता एंट्री, मिडरेंज, हाय-एंड म्हणजे काय, तर आयडीसी ही मार्केट मोजणारी कंपनी किमतीवरनं खाने पाडते, २५ हजार डॉलरच्या आतला सर्व्हर खालच्या खान्यात, २५ हजार ते अडीच लाख डॉलर मिडरेंज, आणि त्याच्या वर हाय-एंड. म्हणजे वीस लाखांच्या आतलं सगळं त्यांच्या हिशेबात एकाच पोत्यात. राजारामपुरीतला डीलर असा विचार करत नाही, तो टॉवर, म्हणजे उभा डबा, दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसर बसणारा, कपाटात आडवा बसवायचा रॅक आणि 'ते आपल्याकडं लागत नाही' असे तीन भाग करतो, आणि खरं सांगू का, आपल्या कामाला डीलरचीच वाटणी बरोबर आहे. पुढं मी तीच धरलीय.

एंट्रीपासून सुरू करू. डेलचा पॉवरएज टी१६०, एचपीईचा प्रोलायंट एमएल३० जेन११, लेनोवोचा थिंकसिस्टीम एसटी५० ही यातली नेहमी समोर येणारी नावं. पहिल्या दोघांत इंटेलचा झिऑन ई-२४०० मालिकेचा प्रोसेसर, एकच सॉकेट, जास्तीत जास्त आठ कोअर, म्हणजे प्रोसेसरमधली स्वतंत्रपणे काम करणारी आठ युनिटं, रॅमचे चार स्लॉट आणि १२८ जीबीची मर्यादा. रॅम ईसीसी असते, म्हणजे मेमरीत एखादा बिट उलटा पडला तर मशीन स्वतः दुरुस्त करतं, आणि असेंबल केलेल्या डेस्कटॉपला 'सर्व्हर' म्हणून विकणाऱ्यांच्या मालात बहुतेक वेळा हेच नसतं. अकाउंटचा डेटा ज्याच्यावर ठेवायचा त्याला ईसीसी पाहिजेच, यात मी कुणाशी तडजोड करत नाही.

आता टॅलीचं. झिऑन ई-२४३४ या चार कोअरच्या साध्या चिपचा बेस स्पीड ३.४ गिगाहर्ट्झ आणि टर्बो, म्हणजे गरज पडल्यावर चढणारा स्पीड, ५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. मिडरेंजच्या कोटेशनात जी चिप सर्रास दिसते ती झिऑन सिल्व्हर ४४१०वाय, तिला कोअर बारा, पण बेस २ गिगाहर्ट्झ आणि टर्बो ३.९. ऊसतोडीला माणसं वाढवली की फड लवकर रिकामा होतो, पण ट्रॅक्टर चालवायला ड्रायव्हर एकच लागतो, आणि टॅलीतला एखादा मोठा रिपोर्ट काढणं हे ड्रायव्हरचं काम आहे. तो रिपोर्ट मुख्यतः एकाच कोअरवर लोळत असतो, त्यामुळे बाकीचे अकरा कोअर मोकळे बसलेत याचा काहीच उपयोग नाही. त्यातनं टॅली नुसती फोल्डर शेअर करून चालवत असाल तर हिशेब प्रत्येकाच्या टेबलावरच्या पीसीतच होतो, सर्व्हर फक्त फाइली पुरवतो, मग तिथं एसएसडी आणि चांगला गिगाबिट स्विच यांनी जो फरक पडतो तो प्रोसेसरनं पडत नाही. आठ-दहा जणांचं अकाउंट डिपार्टमेंट, एक जुनं बिलिंग सॉफ्टवेअर, फाइल शेअरिंग, एवढ्यासाठी एंट्रीचा टॉवर लय झाला.

आणि लायसन्सचा खर्च तर कोटेशनात शेवटच्या ओळीत लपलेला असतो. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड कोअरवर विकलं जातं आणि कमीत कमी १६ कोअरचं घ्यावंच लागतं, तुमच्याकडं चार कोअर असले तरी. दोन सिल्व्हर ४४१०वाय घातले की झाले २४ कोअर, म्हणजे आठ कोअरचं लायसन्स वाढलं, वर प्रत्येक माणसाचं किंवा मशीनचं कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायचा परवाना, वेगळं, रिमोट डेस्कटॉपवर काम करायचं तर त्याचं कॅल आणखी वेगळं. पंचवीस माणसांच्या आतली फर्म असेल तर विंडोज सर्व्हर २०२२ इसेन्शियल्स नक्की विचारा, एक प्रोसेसर आणि दहा कोअरपर्यंत चालतं, कॅल लागत नाही, आणि नव्या सर्व्हरबरोबरच मिळतं. डीलर स्वतःहून सांगेलच असं नाही. एसक्यूएल सर्व्हरची फुकटची एक्सप्रेस आवृत्ती वापरत असाल तर २०२२पर्यंतच्या आवृत्त्यांना एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे आणि ती जास्तीत जास्त चारच कोअर वापरते, तुम्ही खाली कितीही भारी मशीन ठेवा.

मग एंट्री कुठं कमी पडतो? स्पीडमध्ये नाही, बंद पडण्यात. साध्या एंट्री टॉवरला पॉवर सप्लाय एकच असतो आणि तो स्क्रू काढून, केबली सोडवून बदलायला लागतो. डिस्क आतमध्ये केबलनं जोडलेल्या, म्हणजे एक गेली तर मशीन बंद करून उघडायचं. रेड, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून डिस्क एकत्र जोडायची सोय, बहुतेकदा सॉफ्टवेअरचा, मदरबोर्डवरचा, त्याच्यामागं लिहायचा डेटा तात्पुरता धरून ठेवणारी बॅटरीवाली कॅश नाही, मग ऐन लिहिताना करंट गेला तर अर्धवट लिहिलेलं तसंच राहतं. यातल्या बऱ्याचशा गोष्टी सुटतात ते एक पायरी वरच्या टॉवरमध्ये, डेलचा टी३६० बघा किंवा एमएल३०चंच हॉट-प्लग डिस्कवालं आणि दोन पॉवर सप्लायवालं कॉन्फिगरेशन बघा. प्रोसेसर तोच, रॅमची मर्यादा तीच, पण डिस्क पुढनं ओढून बदलता येतात, पॉवर सप्लाय चालू मशीनमध्ये बदलता येतो आणि खरा रेड कार्ड बसतो. माझ्या मते कोल्हापुरातल्या निम्म्याहून जास्त कारखान्यांचं उत्तर हेच आहे, आणि नेमका हाच पर्याय कोटेशनात कुणी टाकत नाही, कारण तो ना सगळ्यात स्वस्त ना सगळ्यात भारी.

फाउंड्रीवाल्यांसाठी थोडं वेगळं सांगतो कारण हे कुठल्या ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं. इंडक्शन फर्नेस चालू-बंद होताना लाइनमध्ये जे चढउतार येतात आणि हार्मोनिक्स, म्हणजे विजेच्या लहरीतली गडबड, पसरतात त्यानं पॉवर सप्लायचं आयुष्य कमी होतं, त्यामुळे सर्व्हरला ऑनलाइन डबल कन्व्हर्जनवाला यूपीएसच लावा, दुकानात काउंटरच्या पीसीला लावतात तो ऑफलाइन नको. इंजिनिअर बसवायला येईल तेव्हा न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज तुमच्यासमोर मोजायला लावा, दोन व्होल्टच्या आत पाहिजे, नसेल तर आधी अर्थिंगचा खड्डा करा, मग सर्व्हर. आणि धूळ! मोल्डिंग शॉपची वाळू एक वेळ परवडली, पण फेटलिंग, म्हणजे कास्टिंग साफ करणं, आणि ग्राइंडिंगमधनं उडणारी लोखंडाची भुकटी वीज वाहून नेते, ती पंख्यानं ओढून मदरबोर्डवर बसली की काय होईल ते सांगायला नको. दोन सॉकेटचा रॅक सर्व्हर टॉवरपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतो, म्हणजे तेवढीच जास्त भुकटी. बंद खोली, दाराला पट्टी, एसी आणि १८ ते २७ डिग्री तापमान, हे जमणार नसेल तर सात लाखांचा रॅक घेऊ नका, तो तिथं दोन लाखांच्या टॉवरपेक्षा लवकर मरेल.

आता मिडरेंज. डेल पॉवरएज आर७६०, एचपीई प्रोलायंट डीएल३८० जेन११, लेनोवो थिंकसिस्टीम एसआर६५० व्ही३, तिघंही दोन यू उंचीचे, यू हे रॅकमधल्या उंचीचं माप, दोन सॉकेटचे, रॅमचे ३२ स्लॉट. कोण चांगला यावर तासन्‌तास वाद चालतात पण आतलं हाड एकच आहे, इंटेलचे चौथ्या-पाचव्या पिढीचे झिऑन स्केलेबल, प्रत्येक प्रोसेसरला मेमरीचे आठ चॅनल, म्हणजे मेमरीतनं डेटा ये-जा करायचे आठ रस्ते. इथं घेताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक म्हणजे 'आत्ता एकच प्रोसेसर घ्या साहेब, दुसरा नंतर टाकू' असं सांगतात तेव्हा ते हे सांगत नाहीत की एक प्रोसेसर असताना रॅमचे निम्मे स्लॉट आणि काही पीसीआय स्लॉट चालतच नाहीत, आणि चार-पाच वर्षांनी तोच प्रोसेसर, त्याचा हीटसिंक शोधत फिरायची वेळ येते. दुसरं म्हणजे ६४ जीबीच्या दोन पट्ट्या टाकून १२८ जीबी लिहिलेलं असतं, आठपैकी दोनच चॅनल भरले, सहा रिकामे, म्हणजे ज्या बँडविड्थसाठी हे मशीन घेतलं ती पाऊणभाग वायाच. १६च्या आठ पट्ट्या मागा.

मिडरेंजचे पैसे खरे वसूल होतात ते एकाच मशीनवर अनेक सर्व्हर चालवायचे असतील तेव्हा. ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, हे एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं तयार केलेला वेगळा सर्व्हर, त्याचा डेटाबेस दुसरं, सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा डोमेन कंट्रोलर तिसरं, सीसीटीव्ही आणि हजेरीचं चौथं, ड्रॉइंगचं पाचवं, अशा वेळी १२८ जीबीची मर्यादा दोन वर्षांत टोचायला लागते आणि तिथं बारा-चोवीस कोअरचा उपयोग होतो. मोठं हॉस्पिटल, जिथं एक्स-रे, सीटीच्या इमेजेस दिवसभर येऊन पडतात, तिथं पण हाच. फक्त व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअर सॉफ्टवेअरचं जुनं गणित डोक्यात ठेवून बजेट करू नका, नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतली आणि त्याच डिसेंबरपासनं एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स मिळायचं बंद झालं, आता सबस्क्रिप्शन. मी छोट्या ठिकाणी विंडोजबरोबर येणारा हायपर-व्ही नाहीतर प्रॉक्समॉक्स सुचवतो, दोन्ही व्यवस्थित चालतात.

मिडरेंजमधली मला मनापासनं आवडणारी गोष्ट म्हणजे रिमोट मॅनेजमेंट. डेलचं आयड्रॅक, एचपीईचं आयलो. सर्व्हर बंद पडला असला तरी घरी बसून त्याचा स्क्रीन बघता येतो, चालू करता येतो, कुठली डिस्क, कुठला पंखा आजारी आहे ते कळतं. पावसात रात्री कागलपर्यंत गाडी काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण सावध, पूर्ण स्क्रीन दिसायला डेलला एंटरप्राइज लायसन्स आणि एचपीईला आयलो ॲडव्हान्स्ड लायसन्स लागतं, हे कोटेशनात नसेल तर लिहून घ्या. एंट्रीच्या टॉवरवर पण हे लायसन्स घेता येतं, आणि तिथं तर मी आग्रहानं घ्यायला लावतो.

फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याच्या अपडेटचं पण बघा. नोव्हेंबर २०१९मध्ये एचपीईनं स्वतः जाहीर केलं होतं की त्यांच्या काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडणार, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास, आणि त्यातला डेटा परत मिळणार नाही, उपाय एकच, त्याआधी नवीन फर्मवेअर टाकणं. एकदम घेतलेल्या चार डिस्क एकदमच त्या आकड्याला पोचणार, मग रेड असून काय फायदा. म्हणून वर्षातनं एकदा-दोनदा फर्मवेअर बघणारा माणूस ठरलेला पाहिजे. डेलचं फर्मवेअर कुणालाही डाउनलोड करता येतं, एचपीईच्या सर्व्हरच्या बायोससारख्या काही गोष्टींना २०१४पासनं वॉरंटी किंवा सपोर्ट चालू लागतो. वॉरंटी संपल्यावरही सर्व्हर वापरायचा आपला रिवाज आहे, त्यामुळे हा फरक आपल्याला जास्त लागू पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. कोल्हापुरात सर्व्हरचा क्लास ठरवायचा तो प्रोसेसरवरनं नाही, पार्ट कुठनं आणि किती वेळात येणार यावरनं. 'चार तासांत सपोर्ट' असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ चार तासांत दुरुस्ती असा धरू नका, कधी तो चार तासांत माणूस येणार असा असतो, कधी नुसता फोन येणार असा, आणि ही स्कीम पिनकोड बघून देतात. तुमच्या कारखान्याच्या पिनकोडला ती लागू आहे का, आणि पार्टचं गोडाऊन कोल्हापुरात आहे की पुण्यात, हे पर्चेस ऑर्डरच्या आधी ईमेलवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं धरू नका. पुण्यातनं पार्ट निघाला तर नेहमीच्या दिवशी हायवेनं येतो, पण ऑगस्ट २०१९मध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता, जुलै २०२१मध्ये पुन्हा तेच झालं. राजाराम बंधाऱ्याला पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून चढत गेलं की कसला दुसऱ्या कामाच्या दिवशी येणारा नेक्स्ट बिझनेस डे सपोर्ट आणि कसलं काय. अशा वेळी कपाटात ठेवलेला एक जास्तीचा पॉवर सप्लाय आणि एक जास्तीची डिस्क तुमच्या सगळ्या सपोर्ट करारापेक्षा मोठं काम करते. मी आता कुठल्याही सर्व्हरच्या ऑर्डरमध्ये या दोन वस्तू पहिल्याच दिवशी टाकायला लावतो, चार वर्षांनी त्याच मॉडेलची डिस्क शोधण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

शाहूपुरी, नागाळा पार्क, कसबा बावडा या भागात पाणी येतं हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरीपण नवीन ऑफिस बांधताना सर्व्हर रूम तळमजल्यावर जिन्याखाली काढतात. वर न्या. यूपीएसच्या बॅटऱ्या पण वर न्या, त्या जड असतात म्हणून खाली ठेवतात आणि पहिल्यांदा त्याच बुडतात.

हाय-एंडबद्दल थोडक्यात, कारण आपल्यापैकी फार कुणाला घ्यायचा नाही, पण काय असतो ते माहीत पाहिजे. एचपीईचा सुपरडोम फ्लेक्स २८० दोन ते आठ सॉकेट आणि २४ टीबीपर्यंत रॅम घेतो, सॅप हाना सारखा अख्खा डेटाबेस मेमरीत ठेवणाऱ्यांसाठी. आयबीएमचा पॉवर ई१०८०, २०२१ला आला, १६ सॉकेट, २४० कोअर, ६४ टीबी रॅम. आयबीएमच्या झेड१६ मेनफ्रेमबद्दल तर कंपनीचा दावा ९९.९९९९९९ टक्के उपलब्धतेचा आहे. हे आकडे नुसते वाचून कळत नाहीत म्हणून हिशेब मांडतो, ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, ९९.९९९ म्हणजे सव्वापाच मिनिटं, आणि झेडचा दावा म्हणजे वर्षाला एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. असले आकडे मोठ्या बँका, विमान कंपन्या, शेअर बाजार यांच्यासाठी. सॉफ्टवेअर लायसन्सचा भाग तर आणखी वेगळा, ओरॅकल एंटरप्राइज डेटाबेसला इंटेलचा एक कोअर अर्धा मोजतात आणि आयबीएमच्या पॉवर चिपचा एक कोअर पूर्ण एक मोजतात, म्हणजे लायसन्सचा खर्चच मशीनच्या खर्चाला मागं टाकतो. आपल्याकडच्या सहकारी बँकांना पण स्वतःचं असलं मशीन ठेवायची गरज उरलेली नाही, बऱ्याच जणांचं कोअर बँकिंग बाहेरच्या डेटा सेंटरमधनं भाड्यानं चालतं आणि ते बरोबरच आहे.

आठ सॉकेटवाल्या मशीनमधनं आपण घ्यायची गोष्ट एकच, बंद पडू नये म्हणून प्रत्येक भाग दोनदा ठेवणं, आणि ती गरिबीतही जमते. सहा-सात लाखांच्या एका मिडरेंजऐवजी टी३६० किंवा एमएल३०च्या वर्गातले दोन टॉवर घ्या, एक ऑफिसात, दुसरा कारखान्याच्या दुसऱ्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर, आणि हायपर-व्ही रेप्लिका लावा, ती विंडोज सर्व्हरमध्येच येते, ३० सेकंद, ५ मिनिटं किंवा १५ मिनिटांनी व्हर्च्युअल मशीनची कॉपी दुसरीकडं सरकवते. लायसन्स दोन्हीकडं लागेल ते धरा. एक मशीन मेलं तर दुसऱ्यावरनं पाच-दहा मिनिटांत काम सुरू, पार्ट पुण्यातनं चार दिवसांनी येऊ दे. ज्यांचा वर्कलोड १२८ जीबीत बसतो त्या सगळ्यांना मी हेच सांगतो. ज्यांचा बसत नाही, त्यांनी मिडरेंज घ्या, पण मग जुना सर्व्हर भंगारात घालू नका, त्याला रेप्लिका करा.

आणि रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे हे पण तितकंच लक्षात ठेवा, रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आला तर तो इमानदारीनं दुसरीकडं पण कॉपी होतो. एक बॅकअप असा पाहिजे जो नेटवर्कला जोडलेलाच नाही. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर २०२२च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं नियमानंच आलंय, ऑडिटर विचारतो.

रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले आणि दुरुस्त करून विकलेले सर्व्हर, याबद्दल खूप जण विचारतात. मुंबई-पुण्यातनं आर७४० किंवा डीएल३८० जेन१० येतात, दोन्ही २०१७चे, किमती नव्याच्या मानानं फारच कमी, रॅम भरपूर. मुख्य सर्व्हर म्हणून मी नाही म्हणतो, रेप्लिकासाठी आणि बॅकअपसाठी हो म्हणतो, आणि घेताना पॉवर सप्लाय दोन्ही चालू आहेत का, रेड कार्डची बॅटरी नवीन आहे का, एसएसडी असतील तर किती टक्के आयुष्य उरलंय, हे आयड्रॅक किंवा आयलोच्या स्क्रीनवर बघूनच पैसे द्या. त्यावर विंडोज सर्व्हर २०१६ टाकून देत असतील तर घेऊ नका, १२ जानेवारी २०२७ला त्याचा सपोर्ट संपतोय.